अंगठ्याएवढी अक्षरं

पहिल्यांदा पडद्यावर आडव्या रेघा आल्या तेव्हा मला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं लिहिलं असणार. मी शेवटचं वाक्य पुसलं. रेघा गेल्या नाहीत. त्याच्या आधीचं पुसलं. पुसता पुसता अख्खा परिच्छेद गेला, तेव्हा कुठं लक्षात आलं की दोष माझ्या भाषेचा नसून यंत्राचा असावा. तरी पूर्ण खात्री नव्हती.

तालुक्याच्या कचेरीत मी बत्तीस वर्षं मराठी टंकलेखक होतो. टाइपरायटर बिघडला की काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसायचं. कळ वाकलेली असायची, नाहीतर फीत गुंतलेली असायची. ह्या लॅपटॉपमध्ये दिसण्यासारखं काहीच नव्हतं. रेघा वाढत गेल्या, अक्षरं एकमेकांवर चढली, मग पडदा हिरवट झाला आणि शेवटी काळा. आतला पंखा तेवढा फिरत होता.

शेजारी बसलेली आक्का म्हणाली, "सावळ्या, दिवा गेला का ह्येचा?"

आक्काबाई माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेल्यावर ती निरवांगीला आमच्याकडे आली, आणि माझी बायको गेल्यावर घर तिच्याच हातात गेलं. लॅपटॉप घरात आला तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो, पण भाजीत मीठ जास्त झालं तरी ते तिला सांगायला मला दोन दिवस लागायचे.

लॅपटॉप माझ्या मुलाचा, रविराजचा. पुण्यात त्यानं तो दीड लाखाला घेतला होता. वर्षभरानं कंपनीनं त्याला दुसरा दिला, म्हणून हा त्यानं मला आणून दिला. वर्षभरात त्याच्याकडे एकदाही बिघडला नव्हता. "आबा, तुमचं मेंढरांमागचं लिहा यात," म्हणाला. "टाइपरायटरसारख्याच कळा आहेत. चुकलं तर पुसता येतं."

लहानपणी आमचे वडील सोनबा दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. त्या वाटेबद्दल मी अधूनमधून वहीत लिहीत असे आणि वही ट्रंकेत ठेवत असे. कुणाला दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. लॅपटॉपवर लिहायला लागलो तेही तसंच, दार लोटून. पण एक दिवस आक्का चहा घेऊन आत आली आणि पडद्याकडे वाकून बघत म्हणाली, "ह्ये बारीक हाय. मोठं हुतंय का?"

सहा वर्षांपूर्वी गावात साक्षरतेचे वर्ग निघाले होते. आक्का पासष्टीत पाटी घेऊन बसली आणि वर्षभरात वाचायला शिकली. मग तिला जे दिसेल ते वाचायचा नाद लागला. खताच्या पिशव्या, एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका, काही सोडलं नाही. पण दोन वर्षांतच डोळे अधू झाले. बारामतीचे डॉक्टर म्हणाले की डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय, चष्म्यानं फरक पडणार नाही, मोठं आणि ठळक असलं तर दिसेल. तेव्हापासून तिचं वाचन बंद होतं. लग्नपत्रिका आली की नुसती हातात घेऊन उलटसुलट करायची आणि माझ्याकडे द्यायची.

मी अक्षरं मोठी केली. आणखी केली. अंगठ्याएवढी झाली तेव्हा ती थांब म्हणाली. मग बोट न लावता, पडद्यापासून टीचभर अंतरावर बोट फिरवत, तिनं वाचलं, "आ-म-च्या ब-रो-बर ती-न कु-त्री अ-सा-य-ची." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चार व्हती. एकीला तू भ्यायचास."

असं आमचं सुरू झालं. रोज दुपारी जेवणं झाली की खिडकीपाशी. आक्काला खुर्चीवर बसता येत नाही, म्हणून यंत्र चौरंगावर. नुसत्या चौरंगावर ठेवलेलं तिला चालेना. आमच्या धनगरांत मानाचं माणूस आलं, देवाची वस्तू आली, ओव्या म्हणणारे आले की घोंगडी अंथरून त्यावर बसवतात. साक्षरतेच्या बाईलाही आक्कानं खुर्ची दिली नव्हती, घोंगडी दिली होती. तीच काळी घोंगडी, स्वतः सूत काढून विणून घेतलेली, तिनं चौपदरी घडी करून चौरंगावर घातली. "शाणपणाची वस्तू हाय," म्हणाली, "उघड्यावर ठिवत न्हाईत." यंत्राच्या झाकणाला भंडाऱ्याचं बोटही लावलं. मला ते फार आवडलं.

टाइप केलेलं एक पान त्या अक्षरांत पंधरा-सोळा पडदे व्हायचं. आक्का रोज चार-पाच पडदे वाचायची. मी वाचून दाखवतो म्हटलं तर रागवायची. "माझं मला येतंय."

आणि हेच मला हवं होतं. कारण एकोणिसावं पान मी तिच्यासाठीच लिहिलं होतं.

सात वर्षांचा असताना वडिलांनी मला कळपातून काढून इंदापूरला शाळेत घातलं, आणि माझ्या वाटची मेंढरं दहा वर्षांच्या आक्काकडे दिली. मी शिकलो, कचेरीत पंख्याखाली बसलो. ती लग्न होईपर्यंत काट्याकुट्यांतून चालत राहिली. तिची शाळा मी खाल्ली, हे मला आयुष्यभर खुपत होतं. साठ वर्षांत ते तिच्यासमोर बोलायला तोंड उघडलं नाही. बोलता येत नाही म्हणून लिहिलं. तिनं ते पान स्वतः वाचावं, मी शेजारी खाली मान घालून बसावं, एवढंच मनात होतं.

पहिल्यांदा पडदा गेला तेव्हा ती सातव्या पानावर होती.

रविराज येऊन यंत्र पुण्याला घेऊन गेला. लॅपटॉपच्या कंपनीच्या लोकांनी आतला मोठा बोर्ड बदलला. म्हणाले, पडद्यावर चित्र उमटवणारी चिप जळाली होती, असं कधीकधी होतं. तीन आठवड्यांनी यंत्र परत आलं. आम्ही पुन्हा खिडकीपाशी बसलो. आक्का बाराव्या पानापर्यंत आली आणि पुन्हा रेघा, पुन्हा हिरवट, पुन्हा काळं.

आमच्या शेजारी गेणबाचं किराणा दुकान, आणि गावातला फोनही त्याच्याकडेच. रविराजचा फोन आला की तो गल्लीतून ओरडत यायचा आणि आमचं बोलणं संपेपर्यंत तराजू पुसत उभा राहायचा. दुसऱ्यांदा यंत्र गेल्याचं मी रविराजला सांगत होतो तेव्हाही होता.

"सावळाराम, केवड्याचं म्हणलास त्ये मशीन?" फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं.

"दीड लाखाचं."

"त्यात जुना ट्रॅक्टर आला असता. आन त्यो उन्हात बी चालला असता."

"ट्रॅक्टरवर वाचता येत नाही, गेणबा."

"ह्याच्यावर तरी कुठं येतंय?"

मी घराकडे वळलो.

कंपनीनं दुसऱ्यांदाही बोर्ड बदलला. या वेळी रविराजनं यंत्र परत दिलं तेव्हा जरा अवघडल्यासारखा बोलला. "आबा, तुमची चूक आहे असं म्हणत नाही मी. पण वॉरंटी मार्चला संपतेय. त्यानंतर बोर्ड गेला तर परवडणार नाही. तिसऱ्यांदा झालं तर मी हा परत नेतो, चालू आहे तोवर विकून टाकू."

'तुमची चूक आहे असं म्हणत नाही' हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं. मी काय काय केलं नाही! विजेचा दाब वर-खाली होतो म्हणून स्टॅबिलायझर आणला. धूळ नको म्हणून खिडकीला ओला पंचा लावला. कळा हळू दाबायला लागलो. रस्त्याच्या धक्क्यांनी काही होत असेल म्हणून रविराजला गाडी हळू चालवायला सांगितलं होतं. एकदा तर मी जे लिहितोय ते कुणी लिहू नये अशा योग्यतेचं असावं, असंही मनात येऊन गेलं. कचेरीत बत्तीस वर्षांत माझ्या टाइपरायटरनं असं कधी केलं नव्हतं, पण तिथला मजकूर साहेबांचा असायचा.

फेब्रुवारीत ऊन चढायला लागलं आणि आक्का अठराव्या पानावर असताना पडद्यावर पहिली रेघ आली. मी लगेच यंत्र बंद केलं. रविराजला फोन केला तर तो म्हणाला, "बारामतीला स्वरूपा आहे, माझ्या कॉलेजची. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकदा तिला दाखवा. तिनं हात टेकले तर रविवारी येऊन मी घेऊन जातो."

सोमवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी यंत्र मांडीवर घेऊन बारामतीला गेलो.

स्वरूपाचं दुकान भिगवण रस्त्याला, पहिल्या मजल्यावर. अनोळखी बाईशी काय बोलायचं याची मी वाटेत तयारी केली होती, पण तिनं बोलायची वेळच येऊ दिली नाही. "काका, बसा. रविराजचा फोन आला होता. पाणी घ्या." तिनं यंत्र काचेच्या टेबलावर ठेवून चालू केलं. तासभर झाला, दोन तास झाले, ती दुसरी कामं करत होती, आणि पडद्यावर माझी अंगठ्याएवढी अक्षरं स्वच्छ उभी होती. मी लाजून गेलो. डॉक्टरकडे गेल्यावर पोट दुखायचं थांबावं तसं झालं.

"घरी गेल्यावर बिघडतं," मी पुटपुटलो. "इथं नाही बिघडत."

"मग घरीच काहीतरी आहे," ती म्हणाली आणि यंत्र बंद करून पालथं घातलं, बारीक स्क्रू काढले. खालचं झाकण उघडल्यावर तिनं चिमटा उचलला.

"काका, घरात मांजर आहे?"

"नाही."

"कुत्रं?"

"नाही."

"मग हे कुणाचे केस?"

चिमट्यात तिनं काळा पुंजका धरला होता, सुपारीएवढा. त्याला थोडं पिवळंही लागलं होतं. मी तो एका क्षणात ओळखला. लोकरीच्या घरात वाढलेल्या माणसाला लोकर ओळखायला वेळ लागत नाही. पिवळा भंडाराही ओळखला. मी पाण्याचा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"हे बघा," ती म्हणाली, "ही चौकोनी चिप. पडद्यावर जे दिसतं ते हिच्यावर तयार होतं. या मशीनमध्ये हीच सगळ्यात जास्त तापते. इथं खाली जाळी आहे, हिच्यातून गार हवा आत जाते, बाजूनं गरम बाहेर. जाळी झाकली गेली की चिप भाजून निघते. कंपनीनं दोनदा बोर्ड बदलला, पण झाकणारी वस्तू तुमच्या घरीच राहिली. गादीवर ठेवता का तुम्ही हे?"

"नाही."

"उशीवर?"

"नाही. चौरंगावर."

सगळी उत्तरं खरी होती. त्यांच्या मधून घोंगडी तेवढी अलगद निसटली.

स्वरूपानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण जास्त विचारलं नाही. पुंजका काढला, ब्रशनं साफ केलं, झाकण बसवलं. "या वेळी वेळेवर बंद केलंत म्हणून वाचली. नुसती दमलीय. पुन्हा तापली तर मात्र जाईल. खाली कडक आणि सपाट काहीतरी ठेवा, हवा खेळू द्या. मग दहा वर्षं काही होत नाही." मग पडद्याकडे बघत म्हणाली, "अक्षरं एवढी मोठी का ठेवलीत?"

"बहीण वाचते," मी म्हणालो.

"मला द्या, मी छापून देते मोठ्या टाइपात."

आक्काच्या आधी ते पान दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाणार होतं. नको, नको म्हणत मी उठलो.

परतीच्या एसटीत मी वाक्य जुळवत होतो. 'आक्का, तुझी घोंगडी काढावी लागेल.' छे. 'आक्का, घोंगडी चांगलीच आहे, पण.' 'पण' हा शब्द आला की ती पुढचं ऐकत नाही. शेवटी तर डोक्यात कचेरीचीच भाषा यायला लागली. विषय, चौरंगावरील घोंगडी हटविणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की. आधीच मी तिची शाळा घेतली होती. आता तिनं मानानं अंथरलेली घोंगडीच यंत्र जाळते, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

घरी पोचलो तेव्हा तिनं दारातच विचारलं, "काय म्हनली ती पोरगी?"

"साफ केलं. एक दिवस विश्रांती द्यायला सांगितलीय."

"मशीनला?"

"मशीनला."

"बरं," आक्का म्हणाली. "बाळंतिणीगत हाय."

बुधवार विश्रांतीत गेला. गुरुवारी दुपारी ती शेळीला पाणी दाखवायला गेली तेवढ्यात मी घोंगडी उचलून खुंटीला टांगली आणि यंत्र नुसत्या चौरंगावर ठेवलं. आक्का आली, पाहिलं, आणि घोंगडी काढून, घडी घालून, एका हातानं यंत्र उचलून तिनं ती खाली सरकवली. पाहुण्याला बसायला द्यावं तशी. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हातारपणात रीत इसरलास व्हय?"

मी यंत्र चालू केलं. ती वाचायला लागली. मी मात्र पडद्याकडे न बघता यंत्राच्या कडेला हात लावून बसलो होतो. ते तापत होतं. पंचवीस मिनिटांनी हाताला चटका बसायला लागला. आक्का अठराव्या पानाच्या शेवटच्या पडद्यावर होती. पुढच्या पडद्यावर एकोणिसावं सुरू होणार होतं.

मी यंत्र बंद केलं. "बॅटरी संपली," म्हणालो.

"लाइट हाय की. वायर लाव."

"वायरही तापलीय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून परसात गेलो.

संध्याकाळी गेणबानं हाक मारली. रविराजचा फोन. "आबा, रविवारी येतोय मी. काय झालं, चालतंय का?" गेणबा तराजू पुसत उभा होता. मी म्हणालो, चालतंय. रविराज म्हणाला, "नक्की? नसेल तर सांगा, संकोच करू नका. मी घेऊन जातो." फोन ठेवल्यावर गेणबा म्हणाला, "चालतंय तर मग बंद का असतंय? आक्काबाई मला इचारत व्हती, सावळ्याच्या मनात काय हाय म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, त्याच्या मनातलं त्यालाच म्हाईत न्हाय, तर मला कुठनं असणार?"

शुक्रवारी दुपारी आक्कानं नेहमीसारखी घोंगडी घातली आणि यंत्र ठेवलं. मी ते चालू केलं नाही. झाकणावर हात ठेवून बसलो.

"आक्का, एक सांगायचं होतं."

"सांग."

"घोंगडीमुळं जळतंय हे."

एकदा बोललोय तर थांबू नये म्हणून मी भराभर सगळं सांगून टाकलं. खालची जाळी, चिप, चिमट्यातला पुंजका, भंडारा, दोनदा जळालेला बोर्ड. सांगताना माझं लक्ष जमिनीकडे होतं. सांगून झाल्यावर वर पाहिलं तर आक्का यंत्र उचलून, पालथं धरून, डोळ्यांजवळ नेऊन खालची जाळी बोटानं चाचपत होती.

"हितनं श्वास घेतंय व्हय ह्ये?"

"हो."

"पोटाखालनं?"

"हो."

"आन तुला कवा कळलं ह्ये?"

"मंगळवारी."

"मंगळवारी. आन आज शुकीरवार." तिनं यंत्र मांडीवर ठेवलं. "मंगळवारपतूर न्हाय बोललास त्ये एक. त्याच्या म्होरं का न्हाय बोललास?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"म्हंजे दीड लाखाचं मशीन जळालं तर जळू दे, पर आक्काला वाईट वाटाया नगं!" ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. "आरं, लोकरीखाली जनावराचा जीव कसा हुतो त्ये मला सांगतोस? उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरं का कातरतात? मला पयल्याच दिवशी इचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं. हाताला गरम लागायचं त्ये. मी म्हणायची, चांगलं हाय, जित्तं वाटतंय."

"मग आता घोंगडी?"

"घोंगडीचं काय? मी बसते तिच्यावर. मशीनपरीस माझं गुडघं म्हातारं हायत."

ती उठली, माळ्यावरून खाटेच्या दोन जुन्या लाकडी पट्ट्या काढून आणल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, चौरंगावर वीतभर अंतर सोडून आडव्या ठेवल्या आणि त्यांवर यंत्र ठेवलं. मधून हात घालून हवा जाते का ते बघितलं. मग घोंगडी चौरंगासमोर अंथरून त्यावर नीट मांडी घालून बसली.

"लाव आता. पळ काढायचं कारण सरलं तुझं."

खरं तर खरं कारण आता कुठं जवळ आलं होतं. मी अठराव्या पानाचा शेवट लावला. तिनं तो वाचला. मी पुढचा पडदा आणला आणि खाली मान घातली.

"ब-डि-लां-नी म-ला शा-ळे-त घा-त-लं," आक्का वाचू लागली. वाचताना व ला ती नेहमी ब म्हणायची, मी कधी सुधारलं नाही. "आ-णि मा-झ्या जा-गी आ-क्का-ला मेंढ-रां-मा-गं पा-ठ-ब-लं."

रोजचे चार-पाच पडदे झाले तरी ती थांबली नाही, वाचत गेली. मी पडदे बदलत गेलो. तिनं चालत काढलेली वर्षं, मी बाकावर बसून काढलेली वर्षं. पाटी पाहिली की मला तिची आठवण यायची ते. कचेरीतल्या पहिल्या पगाराला मला आनंद झाला नाही ते. तिची शाळा माझ्या नावावर लागली आणि ते कर्ज मी कधी फेडू शकलो नाही, असं शेवटी लिहिलं होतं. तास गेला, दीड तास गेला. पडद्यावर एकही रेघ आली नाही. सोळावा पडदा संपला आणि आक्का थांबली.

तिनं पडद्यासमोरचं बोट खाली घेतलं आणि म्हणाली, "सावळ्या, ह्ये खोटं हाय."

मला वाटलं ती समजूत घालतेय. "खोटं कसं?"

"मास्तर आला व्हता, इंदापूरचा. दोगांचं बी नाव घालतो म्हणला. बा तयार व्हता. दोगांचं." तिनं दोन बोटं माझ्यासमोर धरली. "मीच पळाले. पाराच्या मागं लिंब व्हता, त्याच्यावर चढून बसले. मास्तरानं हाका मारल्या, बानं मारल्या, आईनं भाकरी दावली. सांजंपतूर उतरले न्हाय. मास्तराची गाडी गेली तवा उतरले."

"का?"

"का म्हंजे? शाळेत बसाया कुणाला पायजे व्हतं? मला कोकणात जायचं व्हतं. बा दरसाली सांगायचा, तितं पाणी असतंय, आभाळाला लागलेलं. त्ये बघायचं व्हतं मला. आन बघितलं की! तुझ्या मास्तरानं बघितला व्हता का समिंदर?"

"पण मग पासष्टीत पाटी घेऊन का बसलीस?"

"पासष्टीत वाटलं म्हणून. तवा वाटत न्हवतं, म्हणून न्हाय बसले." ती जरा पुढं वाकली. "आन तू साठ वरसं माझ्या नावानं रडत व्हतास? एकदा इचारायचंस तरी!"

मी गोंधळून गेलो. ती मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नसेल ना, अशीही शंका आली. पण आक्का माझ्या आयुष्यात मला बरं वाटावं म्हणून कधी काही बोललेली नव्हती. तेव्हा खरंच असणार. छातीवरचं काहीतरी उतरलं आणि त्याच वेळी जरा हिरमुसल्यासारखंही झालं. इतक्या मनापासून मी दुसरं कुठलंच पान लिहिलं नव्हतं.

"मग हे सगळं पुसू?"

"पूस. येतंय न्हवं पुसाया?"

"येतंय."

"मग पूस, आन मी सांगते तसं लिही. पयलं त्यो लिंब लिही. मोठा व्हता. दोन माणसांच्या कवंत न्हाय मावायचा."

मी पान पुसलं. रिकाम्या पडद्यावर अंगठ्याएवढं 'लिंब' लिहिलं. आक्कानं वाकून वाचलं आणि मान हलवली. मग फांद्या किती, पहिल्या फांदीला पाय पोचत नव्हता तर ती कशी चढली, वर मुंगळे कसे होते, मास्तरांची टोपी वरून कशी दिसत होती, सगळं आलं. प्रत्येक वाक्य झालं की ती वाचून बघायची. पटलं नाही तर म्हणायची, "असं न्हाय." मी पुसायचो. कचेरीत एवढे साहेब पाहिले, पण मजकूर इतका बारकाईनं तपासणारा पाहिला नव्हता.

रविवारी रविराज आला तेव्हा आम्ही खिडकीपाशीच होतो. पडदा सकाळपासून चालू होता. त्यानं खाली वाकून पट्ट्यांच्या मधून हात घातला, हवा बघितली, आणि माझ्याकडे बघून हसला. "म्हणजे न्यायचा नाही तर."

"न्यायचं नाव काढू नगंस," आक्का पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "भाकरी झाकून ठेवलीया, जेवून घे. आमचं काम चाललंय."

"कुठपर्यंत आलंय, आत्या?"

"झाडावर हाय अजून."

खरंच होतं. तीन दिवस झाले होते, मास्तर खाली हाका मारत होते, आणि उतरायची घाई तिला नव्हती आणि मलाही नव्हती.